विश्लेषण : रिपोर्ट नॉर्मल, मग जळजळ कशाची? जव्हार-मोखाड्यातील न विचारलेले दुखणे...

लघवीला जळजळ, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात सततचे दुखणे. तपासणीत कारण सापडले नाही की ‘काही नाही, मनाचे आहे’ असे सांगून रुग्णाला परत पाठवले जाते. पण कारण न सापडणे आणि कारण नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक जव्हार-मोखाड्यासारख्या भागात का महत्त्वाचा ठरतो?

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे नाव महाराष्ट्राला ठळकपणे कळले ते १९९२ मध्ये, बालमृत्यूंमुळे. तेव्हापासून या भागातील आरोग्याचा विषय निघाला की मुलांचे वजन, दंडाचा घेर आणि गरोदर मातेचे हिमोग्लोबिन यांचीच चर्चा होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी चर्चेचा रोख तोच राहिला. तो चुकीचा नाही. मात्र त्यात बाईची मोजदाद होते ती दिवस गेल्यापासून बाळंत होईपर्यंत. त्याआधी आणि त्यानंतर तिला होणाऱ्या त्रासासाठी नोंदवहीत रकानाच नसतो.

समजा, मोखाड्यातील एखाद्या पाड्यावरची पस्तिशीची बाई आहे. वर्षभर अधूनमधून लघवीला जळजळ होते, कंबर धरते, अंगावरून पांढरे जाते. तिने आधी भगताकडे नारळ दिला, मग औषधाच्या दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या घेतल्या, शेवटी मजुरी बुडवून दवाखाना गाठला. लघवीचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला. आता घरचे म्हणतात, ‘काही नाहीच तर कण्हतेस कशाला?’ अशा बाईला नेमके काय झाले असेल, याची उत्तरे वैद्यकाकडे आहेत. फक्त ती एका गोळीत किंवा एका कागदात मावत नाहीत.

तक्रार सांगितली जाते, पण कोणत्या शब्दांत?

मराठीत या दुखण्यांना जुनी नावे आहेत. उन्हाळी लागणे, धुपणी, अंग बाहेर येणे, परमा, धातू जाणे. अडचण अशी की, एका नावाखाली अनेक आजार दडलेले असतात. ‘उन्हाळी’ म्हणजे कमी पाण्यामुळे दाट झालेली लघवी असू शकते, मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग असू शकतो, मूतखडा असू शकतो किंवा योनीमार्गाच्या दाहामुळे लघवी करताना बाहेरच्या त्वचेला होणारी आगही असू शकते. ‘पांढरे जाणे’ यात पाळीच्या मध्यावर येणारा नैसर्गिक पातळ स्राव येतो, दह्यासारखा घट्ट आणि खाज आणणारा बुरशीचा स्राव येतो, तसाच फेसाळ, दुर्गंधी असलेला स्रावही येतो.

त्यातही बऱ्याच बाया हे शब्द उच्चारतच नाहीत. ‘कंबर दुखते’, ‘अशक्तपणा आहे’ एवढेच सांगतात. समोर पुरुष डॉक्टर, खोलीला पडदा नाही, मागे रांगेत गावातलीच माणसे. मग कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या घेऊन ती घरी जाते. खरी तक्रार ओठांवर आलेलीच नसते.

गडचिरोलीने काय दाखवून दिले?

या शांततेच्या मागे किती आजार असू शकतो, हे जगाला महाराष्ट्रातूनच कळले. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० महिलांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्याच नव्हे, तर गावातील सर्वसाधारण महिलांची. हा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९२ टक्के महिलांना स्त्रीरोगाशी किंवा लैंगिक आरोग्याशी संबंधित एक वा अधिक आजार आढळले. सरासरी काढली तर प्रत्येक महिलेमागे ३.६ आजार. तपासणीपूर्वी स्त्रीरोगाची तक्रार सांगणाऱ्या होत्या ५५ टक्के. आणि आयुष्यात यापूर्वी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या महिला केवळ ८ टक्के.

म्हणजे जवळपास निम्म्या महिला काही तक्रार सांगत नव्हत्या, तरी आजार बहुतेकींना होता. ‘बाया येत नाहीत, म्हणजे गरज नाही’ हा आरोग्य यंत्रणेचा सोयीचा समज या अभ्यासाने मोडीत काढला. दुखणे नेहमीचेच झाले की ते दुखणे वाटेनासे होते. आईलाही होते, सासूलाही होते, म्हणजे बाईच्या जातीला हे असायचेच, असे मनाने धरलेले असते.

मग तक्रार म्हणजे संसर्गच का?

दुसरी बाजू दाखवली गोव्याने. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार महिलांचा अभ्यास करून ‘पांढरे जाण्याची तक्रार महिला का करतात’ हा प्रश्न तपासला. निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या जंतुसंसर्गाशी या तक्रारीचा संबंध फारसा बळकट नव्हता. मनावरचा ताण, उदासी आणि अंगभर जाणवणारी दुखणी यांच्याशी तो अधिक घट्ट होता.

दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की गुंता उलगडतो. आजार आहे पण तक्रार नाही, आणि तक्रार आहे पण संसर्ग नाही, असे दोन्ही प्रकार मोठ्या प्रमाणावर असतात. सरकारी व्यवस्थेतील उपचार मात्र बराचसा सांगितलेल्या लक्षणांवर चालतो. लक्षण ऐकायचे आणि ठरलेल्या रंगाचे औषधांचे पाकीट द्यायचे: योनीस्रावासाठी हिरवे, ओटीपोटातील दुखण्यासाठी पिवळे. प्रयोगशाळा दूर असलेल्या भागात ही पद्धत उपयोगी आहे, तिच्यामुळे अनेकींवर पहिल्याच भेटीत उपचार होतात. पण न बोलणारी बाई तिच्यातून निसटते आणि संसर्ग नसलेल्या बाईच्या पोटात प्रतिजैविके जातात. पाकीट संपते, त्रास उरतो. मग तिसरे, चौथे पाकीट.

गोव्याच्या निष्कर्षाचा अर्थ ‘बाया खोटे सांगतात’ असा काढणे ही आणखी मोठी चूक ठरेल. ताणाखाली असलेले शरीर खरोखरच दुखते. नवऱ्याचे व्यसन, मारहाण, मूल न होण्याचे टोमणे यांविषयी बोलायला जागा नसते, तेव्हा बाई ज्या दुखण्याविषयी बोलणे त्यातल्या त्यात शक्य आहे, ते सांगते. त्या तक्रारीला औषधाच्या बरोबरीने ऐकून घेणारे माणूसही लागते.

नॉर्मल रिपोर्ट काय सांगत नाही?

लघवीची साधी तपासणी साखर, प्रथिने, रक्तपेशी आणि पू-पेशी दाखवते. जंतू कोणता आणि त्याला कोणते औषध लागू पडेल, हे कळायला कल्चर करावे लागते. नमुना देण्यापूर्वीच दुकानातून आणलेल्या गोळ्या घेतल्या असतील, तर कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत आणि रिपोर्ट नॉर्मल दिसतो. नमुना उन्हात तासन्‌तास राहिला, तर उलट भलतेच जंतू वाढतात.

काही जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये सापडतच नाहीत. क्लॅमिडिया हा त्यातला एक. तो लैंगिक संबंधांतून पसरतो, अनेकदा लक्षणे देत नाही आणि गर्भनलिका निकामी करू शकतो. दुसरा क्षयाचा. लघवीत पू-पेशी वारंवार दिसतात, पण कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, असे झाले तर मूत्रमार्गाच्या क्षयाची शंका घ्यावी लागते. त्यासाठी खोकला असावाच लागतो असे नाही. जननेंद्रियांचा क्षय तर कित्येकदा मूल होत नाही म्हणून तपासण्या केल्यावरच उघड होतो.

मधुमेहात वारंवार लघवी होते आणि बुरशीमुळे जांघेत, योनीमार्गात किंवा शिश्नाच्या टोकाला खाज येते. पाळी गेल्यानंतर योनीमार्गाची त्वचा पातळ व कोरडी होते, तिचीही जळजळ होते. गर्भाशय खाली सरकले असेल, तर मूत्राशय नीट रिकामे होत नाही. खोकताना, ओझे उचलताना लघवी निसटते. यातले बरेच काही लघवीच्या रिपोर्टवर उमटत नाही. त्यासाठी प्रश्न विचारावे लागतात आणि तपासणीच्या टेबलावर नीट पाहावे लागते.

जंतू नसताना दुखते कसे?

काही रुग्णांत या सगळ्या तपासण्या होऊनही हाती काही लागत नाही. तेव्हा डॉक्टर दोन शक्यता पाहतात. पहिली, मूत्राशयाचे वेदनादायी दुखणे. यात मूत्राशय भरत आले की दुखते, लघवी झाली की थोडा आराम पडतो, आठवडेच्या आठवडे हे चालते आणि संसर्ग मात्र नसतो.

दुसरी शक्यता ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची. हे स्नायू मूत्राशय, गर्भाशय आणि गुदद्वाराला खालून झोळीसारखा आधार देतात. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढल्यावर मान जशी आखडते, तसे हे स्नायूही आखडतात. सतत लघवी रोखून धरणे, बाळंतपणातील इजा, भीती, वेदनादायी संबंध यांनी ते आवळलेलेच राहतात. मग जळजळ, टोचणे, वारंवार लघवीची भावना, संबंधाच्या वेळी कळ असे सगळे सुरू होते. मूळ संसर्ग बरा झाल्यावरही मज्जातंतू काही काळ दुखण्याचे संदेश पाठवत राहू शकतात. चोर पळून गेला तरी कुत्रा भुंकत राहावा, तसे. यावर प्रतिजैविकांचा उपयोग नसतो. स्नायू सैल करण्याचे व्यायाम, शेक, लघवीच्या वेळांची शिस्त, मज्जातंतूंची संवेदना कमी करणारी औषधे आणि समुपदेशन यांनी आराम पडतो. वेळ लागतो, पण पडतो.

जव्हार-मोखाड्यात वेगळे काय?

पहिले कारण पाणी. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. उतारावरचे पाणी वाहून जाते आणि विहिरी तळ गाठतात. ज्या बाईला हंड्यासाठी दरी उतरावी लागते, ती स्वतः पिताना हात आखडता घेते. लघवी दाट होते, जळजळते. खड्याचा आणि संसर्गाचा धोका वाढतो.

दुसरे कारण स्थलांतर. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. भिवंडी, वसई, वाडा, कल्याण. उघड्या माळावर, पुरुषांच्या नजरेसमोर, बाईला आडोसा मिळतो तो अंधार पडल्यावर. म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायचे आणि लघवी दाबून ठेवायची. पाळीच्या दिवसांत कापड धुवायला आणि उन्हात वाळवायला जागा नसते. गावातल्या आशाताईंना तिची माहिती असते, पण बाई भट्टीवर असते. भट्टीजवळच्या यंत्रणेला ती परकी असते.

तिसरे कारण फारसे बोलले जात नाही, ते म्हणजे सिकलसेल. राज्यातील आदिवासी पट्ट्यात, पालघरमध्येही, हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. त्यात मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची ताकद कमी होते, म्हणून रात्री वारंवार उठावे लागते. मोठे मूलही अंथरूण ओले करते आणि उगाच मार खाते. लघवीतून रक्त जाऊ शकते, क्वचित केवळ वाहक असलेल्यांमध्येही. मुलगे आणि पुरुषांमध्ये लैंगिक इच्छा नसताना लिंग तासन्‌तास ताठ राहून असह्य दुखू शकते. लाजेपोटी लपवले तर कायमचे नुकसान होते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यातील रक्त तपासणीचे कार्ड घरात असेल, तर लघवीच्या कोणत्याही तक्रारीच्या वेळी ते डॉक्टरांना दाखवायला हवे.

पुरुषांचे काय?

पुरुषांची शांतता वेगळ्या प्रकारची असते. ‘लघवीतून धातू जाते, म्हणून कमजोरी आली’ ही भीती इतकी जुनी आणि पसरलेली आहे की डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये तिला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले. लघवी गढूळ दिसण्यामागे अनेकदा फॉस्फेटसारखे साधे क्षार असतात. झोपेत वीर्यस्खलन होणे नैसर्गिक आहे, त्याने रक्त किंवा ताकद कमी होत नाही. पण शरमेने तरुण सरकारी दवाखान्यात जात नाही आणि भिंतीवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिरातीतला पत्ता शोधतो. तिथे मजुरीचे पैसे जातात आणि भीती मात्र पक्की होते.

याचा अर्थ पुरुषांना खरा आजार नसतो असा नाही. लिंगातून पू येणे, फोड, वृषणाला सूज, पन्नाशीनंतर धार बारीक होणे यांची तपासणी व्हायलाच हवी. लैंगिक संसर्गाचा उपचार नवरा-बायको दोघांनी एकाच वेळी घ्यावा लागतो. एकट्या बायकोने गोळ्या घेतल्या तर आजार पुन्हा तिच्याकडेच येतो, आणि ‘हिचे काही बरेच होत नाही’ हा ठपकाही तिच्यावरच येतो.

थांबू नये, असे केव्हा?

लघवीत रक्त दिसले, दुखत नसले तरीही. जळजळीसोबत थंडी वाजून ताप आणि बरगडीखाली पाठीत कळ आली. लघवी अडली. गरोदरपणात जळजळ झाली. बाळंतपण किंवा गर्भपातानंतर ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव सुरू झाला. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला. जांघेचा भाग बधिर होऊन लघवी-शौचावरचा ताबा गेला. वृषणात अचानक तीव्र वेदना सुरू झाली. लिंग चार तासांहून अधिक ताठ राहिले. यांपैकी काहीही असेल तर दवाखाना लगेच गाठावा. शेवटच्या दोन प्रकारांत तर काही तासांचाच अवकाश असतो. रुग्णवाहिकेसाठी १०८, आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४, एचआयव्ही आणि लैंगिक संसर्गाच्या माहितीसाठी १०९७ आणि मनावरच्या ताणासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक आहेत.

बाकीच्या वेळी काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. नमुना गोळी घेण्यापूर्वी द्यावा. बाहेरचा भाग पाण्याने धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली धार स्वच्छ बाटलीत घ्यावी आणि बाटली लवकर पोहोचवावी. योनीमार्ग आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुऊ नये, त्याने दाह वाढतो. त्रास कधी होतो, पाळीशी, संबंधांशी किंवा पाणी पिण्याशी त्याचा मेळ आहे का, हे आठवून सांगावे. रिपोर्ट नॉर्मल आला तर ‘मग त्रास कशाने होत असेल आणि पुढे काय तपासायचे?’ हा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.

यंत्रणेने काय करावे?

महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात एक बोलके उदाहरण आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात लोकांच्या लघवीतून रक्त जात असे. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी त्यामागे शिस्टोसोमा जातीचा कृमी असल्याचे दाखवले. गोड्या पाण्यातील गोगलगायीत वाढणारा हा कृमी पाण्यात उतरणाऱ्यांच्या त्वचेतून शरीरात शिरतो. भारतात जवळपास अपरिचित असलेला हा आजार कोकणातल्या एका गावात सापडला, कारण लोकांचे म्हणणे कोणीतरी खरे मानले आणि गावच्या पाण्यापर्यंत माग काढला.

जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयापासून पाड्यावरच्या उपकेंद्रापर्यंत हीच वृत्ती हवी आहे. त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. गावातल्या आरोग्यदिनी गरोदर नसलेल्या बायांनाही ‘लघवीचा, अंगावरून जाण्याचा त्रास आहे का?’ हा प्रश्न विचारायला हवा. तो वारली, कोकणा, कातकरी बायांच्या बोलीतल्या शब्दांत विचारायला हवा. आरोग्य केंद्रात पडदा, उजेड, टेबल आणि ठरलेल्या वारी स्त्री डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका हवी. कल्चरचा नमुना वेळेत प्रयोगशाळेत नेणारी व्यवस्था हवी. पाकीट देऊनही त्रास राहिलेल्या रुग्णाला पुन्हा तेच पाकीट न देता पुढे पाठवण्याचा नियम हवा. आणि वीटभट्टीवर पिण्याचे पाणी व बायांसाठी दार लागणारे शौचालय ही मालकाची मेहेरबानी न राहता, ते नसेल तर भट्टीला परवानगीच नाही, अशी सक्ती हवी.

वावर-वांगणीने राज्याला मुलांची वजने गांभीर्याने घ्यायला लावली. त्या मुलांच्या आयांचे दुखणे कोणत्याही काट्यावर मोजता येत नाही. ते विचारल्यावरच कळते. म्हणून ‘काही नाही’ हे उत्तर देण्यापूर्वी आपण काय काय विचारले आणि काय काय तपासले, याचा हिशेब डॉक्टरांनी आणि यंत्रणेने द्यायला हवा. त्रास सिद्ध करण्याची जबाबदारी त्या बाईवर टाकता येणार नाही.